खोकला ऐकून घेतलेले स्पीकर

मेव्हण्याने घर बदललं आणि जाता जाता एक जुना ॲम्प्लिफायर आमच्या गळ्यात मारला, तिथून हे सगळं सुरू झालं. "भावोजी, उत्तम चालतो. फक्त याला स्पीकर नाहीत," असं म्हणून तो टेम्पोत बसून निघूनही गेला. (बायकोच्या माहेरून आलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो होतो.) ॲम्प्लिफायर दोन दिवस शिलाई मशीनवर नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "याला दोन छोटेसे स्पीकर घेऊन टाकू या."

"छोटेसे म्हणजे केवढे?" बायकोने विचारलं.

"शेल्फवर पुस्तकांच्या जागी मावतील एवढे. त्यांना नावच बुकशेल्फ स्पीकर आहे."

"आणि पुस्तकं कशाच्या जागी मावतील?"

माझी बायको शाळेत शिकवते. ज्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला येत नाही, नेमका तोच तिला पहिला सुचतो. पण त्या दिवशी तिने पुढे ताणलं नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार बसवायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तिने माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "यात बसतील तेवढेच आणा. यापुढे डबे उघड्यावर राहिले तरी कुरकुर करायची नाही." मला स्पीकर कशासाठी हवे होते, ते तिला माहीत होतं.

आता तुम्हालाही सांगतो. आमच्याकडे एक कॅसेट आहे. मी लहान असताना बाबांनी हौसेने टेपरेकॉर्डर आणला आणि दिसेल ते रेकॉर्ड करायचा सपाटा लावला. नळ, कुत्रा, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळं. फक्त आई काही त्यांच्या हाती लागली नाही. बाबा माइक पुढे धरायचे आणि ती "मी मशीनशी काय बोलू?" असं म्हणून आत निघून जायची. हे वाक्यसुद्धा कधी रेकॉर्ड झालं नाही, कारण बाबांना बटण दाबायला नेहमी उशीर व्हायचा.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, तिच्या हातची शिवलेली दुपटी आहेत. आवाज मात्र एकाच ठिकाणी आहे. त्या कॅसेटवर मी शाळेतली कविता चालीवर म्हणतोय, आणि मधेच मागे स्वयंपाकघरातून आई काहीतरी बोलते. काय बोलते ते मात्र कळत नाही. टेपरेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर इतका खरखरतो, की दोन बंद दारांपलीकडून कुणी बोलतंय असं वाटतं. मी लहानपणापासून ते ऐकत आलोय. माझी खात्री होती, की ती म्हणतेय, "किती गोड गातोय माझा राजा." आत्यानेही एकदा कान लावून तसंच सांगितलं होतं. (आत्याला त्या दिवशी माझ्याकडून एक काम करून घ्यायचं होतं, हा भाग वेगळा.)

बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "काय म्हणाली कोण जाणे. मी टेपरेकॉर्डरवरच्या आवाज दाखवणाऱ्या सुईकडे बघत होतो." एवढं बोलून ते कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं. यंत्र आहे, पण ते बहुतेक वेळ खिशातच असतं. का, असं विचारलं तर म्हणतात, "बॅटरी संपते. ऐकण्यासारखं काही असलं तर घालीन की."

तेव्हा आईचं ते एक वाक्य मला हवं होतं. स्वच्छ, समोर बसून बोलल्यासारखं. दुसरं काही नको होतं.

दुकानदार लाघवी माणूस होता. त्याने मला मऊ खुर्चीत बसवलं, समोर स्पीकरची पहिली जोडी लावली, स्वतः डोळे मिटले आणि विचारलं, "साहेब, तुम्ही साधारण काय ऐकता?"

"आईला," मी म्हणालो.

त्याने एक डोळा उघडला. "गायिका का?"

"छे हो, गात नाही. मागे बोलते."

"आणि पुढे?"

"पुढे मी गातो. पण तिकडे लक्ष द्यायचं नाही."

त्याने दुसराही डोळा उघडला. मी कॅसेट घेऊन गेलो होतो, पण दुकानात कॅसेट वाजवायची सोय नव्हती. (त्याने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि फार आदराने परत केली.) मग मला एक युक्ती सुचली. "असं करा," मी म्हणालो, "एखाद्या मैफिलीचं जुनं रेकॉर्डिंग लावा. ज्यात श्रोत्यांतलं कुणीतरी खोकलंय असं."

"खोकलंय?"

"हो. मागच्या रांगेतलं असेल तर उत्तमच."

बिचाऱ्याने शोधून लावलं. पहिल्या जोडीवर गाणं असं काही दणाणलं, की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. "बेस बघा साहेब!" तो म्हणाला. मी म्हणालो, "बेस राहू द्या, खोकला कुठंय?" दुसऱ्या जोडीत खोकला होता, पण तो माणूस तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखा वाटत होता. तिसरी जोडी फार सुंदर होती. तिची किंमत ऐकून मलाच खोकला आला. दुकानदार म्हणाला, "ऐका, किती खरा वाटतोय!" मी म्हणालो, "हा मी होतो."

शेवटी त्याने आतून एक वापरलेली जोडी काढली. आधीच्या मालकाच्या मांजराने जाळी ओरबाडली होती. गाणं सुरू झालं, आणि उजवीकडे, मागच्या रांगेत, एक वयस्कर गृहस्थ खोकले. कोरडा खोकला, घशाच्या डाव्या बाजूने. त्यांना कुणीतरी हळूच विचारलंसुद्धा, "पाणी आणू?" मी उडालोच. "हेच द्या," मी म्हणालो, "बांधा." इतकी वर्षं मागच्या रांगेत बसलेल्या त्या माणसाचं ऐकू येतं, तर माझ्या आईचं का नाही येणार?

निघताना दुकानदाराने बजावलं. नाव बुकशेल्फ असलं, तरी हे स्पीकर शेल्फवर कोंबायचे नाहीत. भिंतीपासून सुटे, कानाच्या उंचीवर ठेवायचे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, यांत सगळीकडे सारखं अंतर पाहिजे. त्या एकाच जागी खरा आवाज येतो.

मी ते धर्माज्ञेसारखं पाळलं. शेल्फ आधीच रिकामं करून ठेवलं होतं, त्यामुळे पुस्तकं पलंगावर होती. ती उचलून दोन स्टुलांवर रचली आणि त्यावर स्पीकर चढवले. (म्हणजे शेवटी पुस्तकं आणि स्पीकर एकत्र आलेच, फक्त वरखाली झाले.) मग मी बायकोची शिवणाची टेप घेऊन अंतर मोजायला लागलो. खरा आवाज येणारी जागा निघाली बरोबर बाबांच्या आरामखुर्चीत, बाबांच्या डोक्याशी. यंत्र खिशात घालून बाबा तिथे पेपर वाचत होते.

"बाबा, जरा खुर्ची सरकवू?" मी ओरडलो.

"मी इथेच बसतो," बाबा म्हणाले. "उजेड इथे येतो."

बाबा हलणार नाहीत म्हटल्यावर स्पीकर हलवणं आलं. स्पीकर सरकवायला कपाट सरकवलं, कपाटासाठी पलंग उभा केला, पलंगासाठी शिलाई मशीन दाराबाहेर गेलं. शेजारीणबाई जिना उतरताना थबकल्या आणि बायकोला म्हणाल्या, "घर सोडताय? आधी सांगायचंत तरी." बायको म्हणाली, "मी नाही सोडत. यांचं अजून ठरायचंय." एवढं सगळं झाल्यावर परत मोजलं. जागा फिरून बाबांच्या डोक्याशीच आली. मी हात टेकले. बाबांच्या खुर्चीमागे वाकून, त्यांच्या डोक्याला डोकं लावून उभा राहिलो आणि बायकोला खूण केली. तिने ॲम्प्लिफायरला जोडलेल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली.

माझं गाणं सुरू झालं, पण ते कुठून येतंय ते कळेना. कधी भिंतीतून, कधी छतातून, कुठेच नसल्यासारखं. आणि ती जागा आली. मी श्वास रोखला. तिथे काहीच नव्हतं. इतकी वर्षं निदान जी गुणगुण ऐकू यायची, तीसुद्धा गेली होती.

परत लावलं, तरी नाही. मी बटणं फिरवली, आवाज वाढवला, स्पीकर आत वळवले, बाहेर वळवले. आई नव्हती. कॅसेट पुसली गेली, मीच पुसली, असं वाटून मी त्या उभ्या पलंगाला टेकून खाली बसलो. बाबांनी पेपरवरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. "राहू दे रे," ते हलकेच म्हणाले. "होती ती गुणगुण पुष्कळ होती."

म्हणजे तेही ऐकत आले होते तर! मला वाटायचं, वाट बघणारा घरात मी एकटाच आहे.

बायको मात्र दोन्ही स्पीकरच्या मागे जाऊन, वह्या तपासताना बघते तसं बघत होती. "अहो," ती म्हणाली, "या स्पीकरची लाल वायर लाल खाचेत आहे. त्याची लाल वायर काळ्या खाचेत आहे. हे असंच असतं का?"

असं नसतं. असं केलं की एक स्पीकर आवाज पुढे ढकलतो आणि दुसरा तोच मागे ओढतो, आणि मधला माणूस गायब होतो. मी ते माहितीपत्रकात नंतर वाचलं. (आधी वाचलं असतं, तर शिलाई मशीन दाराबाहेर गेलं नसतं.) तिने वायरी बदलल्या. मग बाबांसमोर जाऊन स्वतःच्या कानाला बोट लावलं. बाबांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं, पेपरची घडी केली आणि सरळ बसले.

या वेळी लहानपणचा मी समोर उभा होतो, चड्डी सावरत कविता म्हणत. अगदी समोर. मागे एक भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत कुणीतरी दाराशी आलं. आणि आई बोलली, स्वच्छ, आत्ताच स्वयंपाकघरातून आल्यासारखी.

"अहो, बंद करा ते. कॅसेट वाया चाललीय. आणि त्याला म्हणावं, गाणं पुरे, आधी नाक पुसून ये."

बस. खट्ट करून टेप बंद.

मी कचेरीत तक्रारी नोंदवून घेण्याचं काम करतो, त्यामुळे ही तक्रार आहे आणि ती माझ्याबद्दल आहे, हे मला लगेच उमगलं. बायकोने तोंडाला पदर लावला. आणि बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. "हो रे, हो," ते म्हणत होते, "तिने तिथूनच सांगितलं होतं, आणि मी घाबरून बटण दाबलं. आठवलं. सगळं आठवलं." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "परत लाव."

त्या दिवशी आम्ही ते वाक्य किती वेळा ऐकलं, कोण जाणे. मीही रडलो, सांगायला लाज कसली. राजा नसलो म्हणून काय झालं, आई तर होती. बायकोने मला रुमाल आणून दिला. नाक पुसण्यासाठी.

स्पीकर अजून तिथेच आहेत. डबे उघड्यावर आहेत. रोज संध्याकाळी बाबा आरामखुर्चीत बसतात आणि मला कॅसेट लावायला सांगतात. मी म्हटलं, सरळ तिच्या वाक्यापासूनच लावतो. तर नको म्हणाले, फार मागेपुढे केली तर कॅसेट तुटेल, पहिल्यापासूनच चालू दे. म्हणून ती पहिल्यापासून लागते. माझी कविता चालू असते तोवर त्यांचं यंत्र खिशात असतं. आई बोलायची वेळ आली, की मी खूण करायची, आणि मग ते कानात घालतात.

बॅटरी वाचते म्हणे.