उणे नऊ अंशांत इंजिन रवां केल्याची कैफियत

हकीकत ऐसी जे, उत्तरेकडील बर्फाळ मुलखी, जेथे तान्ही लेकरे उघड्यावर निजविण्याची रीत, त्या रोरोस मुक्कामी सौभाग्यवती तिरिल यांजला त्यांचे श्वशुर राजश्री हालवर्द, दुरून हाकायच्या, खऱ्या इंधनावर पळणाऱ्या खेळातल्या मोटारींचे दांडगे जाणकार, यांनी पंधरा दिवसांमागे इशारत दिली होती. अधिक दहा अंशांखाली नवे इंजिन सुरू करो नये, धातू आकसोन बसतो, करणेच पडल्यास अगोदर डोके तापवावे. ती इशारत सुनेने मनास आणिली नाही. उलट हसोन बोलिली, "आजोबा, तुमची सहा महिन्यांची नात रोज या थंडीत अंगणात झोपते, आणि या मुठीएवढ्या लोखंडाला कसली हो थंडी वाजते?" आणि दोरी ओढिली, आणि तिसऱ्या टाकीभर इंधनास आतील दांडी मोडोन इंजिन जागीच गतप्राण जाहले.

आता दुसरे इंजिन आले. रविवारी गोठल्या तळ्यावर शर्यत नेमिलेली. हुजूर, म्हणजे सासरे हालवर्द, बर्फावर घसरोन, घोट्यास प्लास्टर बांधोन स्वयंपाकघराच्या खिडकीत नजरबंद, सबब मोटार हाकणे तिरिल यांजकडे. तिसरे इंजिन वसंतापर्यंत मिळणे नाही. हेही मोडले तर रविवार बुडाला, आणि सासऱ्यापुढे मान वर करण्याची सोय उरली नाही.

मग शुक्रवारी दुपारी मोहिमेचा सरंजाम निघाला. नवे इंजिन रवां करणे म्हणजे पांच टाक्या इंधन जाळोन, दर टाकीअंती पुरते निववोन, त्यास सरावाचे करणे. धुराची धास्ती, म्हणोन लेक चिरंजीव यिल्वा यांची बाळगाडी वाऱ्याच्या वरच्या अंगास, घराच्या वळचणीखाली, तीस पावलांवर उभी केली, आणि पांघरूण तीन वेळां तपासिले. लाकडी खोक्यावर मोटार चढविली, चाके अधांतरी. इंजिनाच्या डोक्यास यिल्वेचा लोकरी मोजा घातला, आणि हेअर ड्रायरचा ऊन वारा दहा मिनिटे सोडिला. खिडकीतोन फर्मान सुटले जे, इंधन सढळ द्यावे, आतील हवा कमी ठेवावी, घाई करणाऱ्याची गय होणार नाही.

दोरी ओढितांच इंजिनाने ऐसा गजर केला की कुंपणावरील बर्फ खाली आला. चिरंजीव गाढ निद्रेत. मग टाकी सरली, इंजिन निमाले, आणि अंगणात शांतता पसरली. त्या शांततेनेच घात केला. चिरंजीव जागे होवोन आकांत मांडिते जाहले.

येथे मोठा पेच पडिला. इंजिन पुरते निवल्याशिवाय दुसरी टाकी देणे नाही, आणि आवाजाशिवाय चिरंजीव निजणे नाही.

"चालू कर ना परत," हुजूर खिडकीतोन म्हणाले, "पोर रडतंय."

"तुम्हीच सांगितलंत, पूर्ण निवू दे म्हणून."

"ते रडायच्या आधी सांगितलं होतं."

तिरिल यांनी क्षणभर दोरीकडे पाहिले, आणि मोडली दांडी डोळ्यांपुढे उभी राहिली. मग हेअर ड्रायर उचलिला, गार वाऱ्यावर लाविला, बाळगाडीच्या दांडीस बांधिला, तोंड रस्त्याकडे फिरविले. त्या घरघरीत चिरंजीव पुनश्च निद्राधीन जाहले. मग निवणे सरले की ड्रायर इंजिनाकडे, इंजिन बोलले की ड्रायर कोठेही पडो, निमाले की तो घेवोन धावत बाळगाडीकडे, ऐशा खेपा करितां करितां वायर पायांत गुंतोन तिरिल दोन वेळां बर्फात पडिल्या. दर टाकीअंती, इंजिनाच्या फिरत्या चाकावरील, नखांस लावायच्या लाल रंगाची खूण पाहोन, दट्ट्या तळास आणोन ठेविला, जेणेकरोन निवतां निवतां तो वर अडकोन बसो नये.

तिसरी टाकी आली. हुजुरांनी कॉफीचा पेला खाली ठेविला. ताप मोजणाऱ्या बंदुकीने शंभर अंश दाखविले, आणि मोज्यातोन करपट वास आला.

"तिरिल, तो मोजा जळाला तर बघ. विणताना माझे डोळे गेले होते."

"जळू द्या. तुमच्या प्लास्टरच्या पायाच्या बोटांवरचा काढून घेईन."

इंजिनाची दांडी शाबूत राहिली. चौथी गेली, पाचवी गेली, आणि इंजिन रेशमासारखे मऊ गुणगुणो लागले. खिडकीची कडी निघाली. हुजुरांनी जातीने फर्माविले जे, बरे जाहले. इतकेच. एवढे शब्द त्यांच्या मुलासही लग्नात मिळाले नव्हते.

येणेप्रमाणे फेब्रुवारीचे अकरावे तारखेस, सूर्य मावळायच्या आंत, पांच टाक्या देवोन, एक मोजा खर्ची घालोन, इंजिन रवां करोन फत्ते केली, हे कलम पक्के.

राहिले एक. तिरिल यांचे हात कोपरांपर्यंत इंधनाच्या तेलाने माखले आहेत, ऐशा हातांनी लेकरास शिवणे नाही, आणि हुजुरांचा पाय बांधलेला. तरी वाचणाऱ्याने कृपा करोन वळचणीखाली जावे. नाक गार लागले तर घाबरो नये, मानेमागे दोन बोटे लावोन पाहावी. ऊब असल्यास तैसेच निजो द्यावे.

आणि ड्रायर बंद करो नये.