मातोश्रींची कवळी आणि मुरूडचे माकूल

श्री. आरंभी दिव्यास नमन, मग समुद्रास, आणि मग गॅसच्या शेगडीस. मौजे मांजर्ली, कसबे बदलापूर, येथील राजश्री आनंदाजीराव दिवेवाले, लग्नाबारशांस रोषणाई भाड्याने देणार, यांनी आपल्या मातोश्री कौसाबाईसाहेब यांचे मुखी माकूल, ज्यास फिरंगी स्क्विड म्हणती, कैसे पोहोचविले, त्याची ही हकीकत. घडले ते लिहिले. वास आला तोही लिहिला.

मातोश्रींचे दात एकेक करोन फितूर जाहले. मग आनंदाजीरावांनी अंबरनाथच्या दंतवैद्याकडून नवी कवळी आणविली. परंतु कवळी मुखी न जाता खाटेशेजारी काचेच्या ग्लासात तळ देऊन बसली, आणि मातोश्री नुसत्या पेजेवर राहिल्या, आणि अंगावरचे लुगडे सैल पडत चालले, आणि खाटेवरून उठणेही राहिले. आनंदाजीरावांस घास गोड लागेना. रोज अर्जी करावी आणि रोज ती फेटाळली जावी. अखेर एके दिवशी खाटेवरून हुकूम सुटला तो येणेप्रमाणे:

"माकूल चावून दाखवील ही, तर घालीन. नाय तर पुन्हा नाव काढायचं नाय."

मातोश्रींचे माहेर मुरूडकडचे. माकूल ही काय चीज आहे हे त्या पुरते जाणोन होत्या. दहा हातांचा सरदार, अंगी हाड नाही, आणि शिजवण्यात किंचित चुकले तर चपलेच्या तळव्याहून चिवट. सबब ती अट नव्हती, तटबंदी होती. आनंदाजीरावांस हे उमगले नाही. पुत्र होते.

पहिली स्वारी अंबरनाथच्या बाजारावर केली. कुमकेस हेंद्रेपाड्याचे अल्पेशराव टेंपोवाले आले, ज्यांच्या हातच्या मटणाविना पंचक्रोशीत हळद लागत नसे. त्यांनी माकुलावर मसाला चढविला आणि कोंबडीच्या हिशेबाने पाव तास मोठ्या आचेवर खदखदविले. मातोश्रींनी कवळी चढवून एक तुकडा धरला आणि ओढला. माकूल तुटले नाही. कवळी मात्र बाहेर आली.

"मावशी, माल खराब होता," अल्पेशराव वदले.

"माल नाही, भावोजी, आचारी," आनंदाजीरावांचे कुटुंब शलाकाबाई वदल्या. "कोंबडी आहे का ती, पाव तास खदखदवायला."

मातोश्रींनी कवळी पाण्यात सोडोन इतकेच म्हटले की बर्फात पडलेल्या माकुलाची परीक्षा कसली, ताजे आणा. आणि भिंतीकडे तोंड केले.

मग मसलत बसली. बुधवारी चुलीवर चढले तरच खरे, कारण गुरुवार मार्गशीर्षातला, शलाकाबाईंचा उपास आणि घट, घरात मासळीचे नाव नाही. आणि शुक्रवारपर्यंत ताजे ते शिळे. सबब मंगळवारीच अल्पेशरावांच्या टेंपोतून मुरूडकडे कूच केले. सरंजामात थर्माकोलची पेटी, फरसाण, आणि वरातीच्या घोड्यापुढे धरावयाचा बॅटरीवाला निळा फोकस. हा फोकस उल्हासनगरचे सनीशेठ यांच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनास बुधवारी संध्याकाळी द्यावयाचा करार होता. आनंदाजीराव मनी म्हणाले, रातोरात आणून देऊ, शेठना कळते कुठे.

काळोख पडताच मातोश्रींचे भाचे धर्मराज यांच्या होडीत फौज चढली. फोकस काठीस बांधोन पाण्यावर झुकविला. पाणी निळेशार उजळले आणि बारीक मासळी उजेडात जमा जाहली, आणि मग

(येथील चार ओळी खारट पाण्याने पुसल्या आहेत. आनंदाजीराव प्रथमच समुद्रावर होते आणि फरसाण पोटभर खाल्ले होते, इतक्यावरून वाचकांनी समजून घ्यावे.)

"दादा, उजेडात नको बघूस," धर्मराज वदले. "उजेड त्याच्या जेवणासाठी आहे. तो कडेला असतो, अंधारात. तिथं सोड गळ. हलकेच उचल, सोड. उचल, सोड."

आनंदाजीरावांनी कपाळीचा घाम पुसला, आणि उचलले आणि सोडले, आणि हात दुखून आला, आणि मग दोरीस ओझे लागले. जणू कोणी खालून ओला टॉवेल अडकविला. वर ओढताच दहा हातांच्या सरदाराने अखेरची तोफ डागली, ती थेट आनंदाजीरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. सदरा काळाकुट्ट जाहला. अल्पेशराव इतके हसले की होडी डुलली आणि आनंदाजीरावांस पुन्हा पूर्वस्थिती आली.

बखरकारास या प्राण्याविषयी आदर वाटतो. पोटात शाईची पिशवी, पाठीत बोरूसारखा पारदर्शक काटा. दौत-लेखणी अंगीच बाळगून फिरणारा असा कारकून कोणत्या दरबारी होता?

पेटी भरली. निरोप देताना धर्मराजांनी बजाविले, "तवा लालबुंद. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला चप्पल."

वांगणी मागे पडली तेव्हा उजाडले. घरी येऊन आनंदाजीराव जे झोपले ते दुपार उलटून उठले. मग जातीने काटे काढिले, कातडी सोलली, वळ्या कापिल्या. तवा तापला. छापा घालण्याची तयारी जाहली. आनंदाजीरावांनी माकूल तव्यावर सोडिले, चर्र आवाज उठला, आणि त्याच क्षणी फोन वाजला. उल्हासनगरहून सनीशेठ.

"अरे साईं, वो नीला लाईट किधर है? मेहमान आ गये, रिबन बंध गया!"

"निकल गया, शेठ, रस्ते में है," आनंदाजीराव झारा हाती धरोन वदले.

"कौन से रस्ते में? मैं खुद रस्ते पे खड़ा हूँ!"

जाबसाल लांबला. शेठना नमविणे हे तवा सांभाळण्याहून कठीण. फोन ठेवून पाहतात तो दुसरे मिनिट केव्हाच गेले होते आणि वळ्या आखडून अंगठीएवढ्या जाहल्या होत्या. एक तुकडा चावून पाहिला. चप्पल.

आनंदाजीराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. काळा सदरा अजून अंगावर होता. रात्र गेली, शेठ गेला, आणि उद्या गुरुवार. "टाकून दे," इतकेच शलाकाबाईंस म्हणाले. त्यांनी तवा उचलून कचऱ्याच्या डब्याकडे नेला.

"थांब गो!"

सर्व चमकले. मातोश्री खाटेवरून उठल्या होत्या. भिंत धरीत, लुगडे सावरीत त्या चालत आल्या आणि तवा सुनेच्या हातून काढोन घेतला.

"मुरूडचं माकूल डब्यात टाकतेस? छापा फसला तर वेढा घालायचा. पातेल्यात काढ. पाणी घाल, आमसुलं टाक, खोबऱ्याचं वाटण लाव, झाकण ठेव. आच बारीक. तासभर हात लावायचा नाय."

"आई, मग हे आधी का नाही सांगितलंत?" शलाकाबाईंनी विचारिले.

"सांगितलं असतं तर कवळी घालावी लागली असती," मातोश्री बोलून गेल्या. आणि पाठ फिरवून आमसुलांचा डबा शोधू लागल्या.

आनंदाजीरावांस आता तटबंदी उमगली. परंतु टेंपो खाली भोंगा वाजवीत होता. फोकस घेऊन उल्हासनगर गाठले, दिवा लाविला, रिबन निळ्या उजेडात कापिली गेली. सनीशेठांनी नाक वर करोन हवा हुंगली. "साईं, तेरे लाईट में से मच्छी का बास क्यों आता है?" आनंदाजीराव वदले की नया मॉडेल आहे.

परतले तो घरभर खोबऱ्याचा आणि आमसुलांचा दरवळ. मातोश्री शेगडीपाशी पाटावर बसल्या होत्या, जणू वेढ्याच्या सेनापती. पुढे ताट. आनंदाजीराव दारीच उभे राहिले. मातोश्रींनी तुकडा तोंडात घातला. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. माकूल तुटले. कवळी जागची हलली नाही.

"मीठ कमी आहे," ऐसा निकाल दिला, आणि दुसरा तुकडा घेतला, आणि मग भाकरी मागितली.

मोहीम फत्ते जाहली, ती येथे नोंदिली. किल्लेदारानेच दरवाजा आतून उघडला, सबब जय दोहों पक्षांचा. काळा सदरा धुतला, निघाला नाही, ठेविला. काचेचा ग्लास आजवरच्या चाकरीतून मुक्त होऊन घासून फळीवर परतला, आणि दुसरे दिवशी त्यात अल्पेशरावांस चहा दिला. त्यांनी तो आवडीने घेतला. कोणी काही सांगितले नाही.