रिकाम्या काट्यावरचे साठ किलो

नवा बोर्ड लागला, त्याच सकाळी रिकाम्या वजनकाट्यानं ०.०६ टन दाखवलं. ट्रक नाही, माणूस नाही. लोखंडी पत्र्यावर नुसतं धुकं.

"साठ किलो," सून काचेच्या खोलीतून म्हणाली. "अहो, काट्यावर कोण उभंय?"

"कोणी नाही गं. खडा अडकला असेल."

नवऱ्यानं फटी झाडल्या, पाणी मारलं. आकडा हलेना. मेकॅनिक काट्याखाली रांगत गेला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला. "खाली सगळं ठीक आहे, वहिनी. वरचं तुम्ही बघा," म्हणाला आणि चहा न घेताच सटकला. ट्रकवाले आपलं कुरकुरत राहिले, "आमच्या वाळूत हे साठ किलो कुणाचे?"

आठवडा असाच गेला आणि सरकारी तपासणीचा दिवस उजाडला. शून्य आलं नाही तर साहेब काट्याला टाळं लावणार, आणि घरची चूल त्या काट्यावर.

"बाबांचं वजन किती होतं हो?" तिनं हळूच विचारलं.

सासरे रोज सकाळी स्वतः काट्यावर उभे राहून काटा तपासत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

तिनं बोर्डाकडे पाहिलं. पेंटरनं हौसेनं रंगवलं होतं: 'कमाल वजन 60000 KGS.'

तिच्या अंगावर काटा आला. किलोग्रॅमची खूण चुकली की सासरे माणूस फाडून खायचे. "दोन्ही अक्षरं लहान! मोठा K तापमानाचा. गहू तोलताय की ताप बघताय? एक किलो असो की हजार, s लागत नाही. आणि शेवटी टिंब कशाला, तीट म्हणून?" या ओरड्यावरच ती काटा चालवायला शिकली होती.

"अहो, रॉकेलचं फडकं आणि ब्रश द्या, शिडी धरा!"

तिनं S पुसला. खोलीतला लाल आकडा ०.०४ झाला. तिनं KG खोडून kg केलं. ०.०२.

फाटकाशी साहेबांची गाडी वाजली.

"झालं ना? उतर!"

"टिंब राहिलं!"

तिनं पदरानंच टिंब पुसलं. काट्यावरचं धुकं कुणीतरी वाट काढत गेल्यासारखं दुभंगलं. ०.००.

साहेबांनी वजनं चढवली, उतरवली, सील ठोकलं. जाताना बोर्ड पाहून म्हणाले, "खूण अचूक लिहिलीत. कोणी शिकवलं?"

"घरात एक खडूस होते," ती म्हणाली.

मग ट्रक आले, गेले, कोणी कुरकुरलं नाही. काटा शहाण्यासारखा शून्यावर बसून राही, आणि तिला मात्र दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होई.

सुट्टीच्या दिवशी काटा बंद असतो. ती खडू घेऊन शिडीवर चढली आणि kg पुढे एक टिंब दिलं.

"अगं, काय करतेस?" नवरा खोलीतून ओरडला. मग हळूच म्हणाला, "०.०२ आलंय."

"एकच पाय टेकवलाय," ती म्हणाली. "असं दारातच काय उभं राहायचं, बाबा? नीट या की."

आणि तिनं खडूनं भला मोठा S काढला.