खेळत्या हवेचा दाखला

एका जंगलात, मुलांनो, हवा फुकट होती. कुणी ती मागत नसे, कुणी देत नसे. ती आपली यायची आणि जायची. मग ती खात्याकडे गेली.

झाले असे, की एका सकाळी सिंहमहाराज डोके धरून उठले. आदल्या दिवशी त्यांनी अख्खा रेडा खाल्ला होता. पण रेड्याला दोष देणे राजवैद्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी तो हवेला दिला.

"कोंदट हवा, महाराज. दुसरं काही नाही."

लगेच फर्मान निघाले. यापुढे हवा खेळती असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय कुणीही नव्या बिळात राहायला जायचे नाही. गेल्यास बीळ बुजवले जाईल. महाराजांच्या गुहेला मात्र हा नियम नव्हता. महाराज असतात तिथे हवा येतेच, असे खात्याचे मत पडले.

तपासणीची रीत सोपी होती. घरच्या कुणाला तरी आत बसवायचे, कारण आत कुणी नसेल तर हवा तपासायची कुणासाठी? बिळाच्या तळाशी मोराचे पीस टांगायचे. तपासनिसाने दारातून डोकावायचे. पीस हलले तर पास, नाही तर नापास. मागच्या भोकातून कुणी फुंकर घालून लबाडी करू नये, म्हणून तेवढा वेळ त्या भोकावर शिपायाने बसायचे.

तपासनीस म्हणून अस्वल नेमले गेले आणि शिपाई म्हणून रानडुक्कर. दोघेही प्रामाणिक होते. दोघेही अंगाने भरलेले होते.

पुढे काय झाले असेल ते तुमच्या लक्षात आलेच असेल, मुलांनो. कारण तुम्ही अजून कुठल्या खात्यात चिकटलेले नाही.

भागोजी साळिंदराने टेकडीच्या उतारावर नवे बीळ खणले होते. पुढे दार, मागे भोक, मधून असा वारा जायचा की झोप लागावी. त्याची बायको सगुणा हिचे दिवस भरत आले होते. पण दाखला नव्हता, म्हणून दोघे करवंदीच्या जाळीत उघड्यावर दिवस काढत होती. तरस रोज येऊन सगुणाची प्रकृती विचारून जायचा.

तपासणीचा दिवस उजाडला. रानडुक्कर भोकावर बसले. अस्वलाने दारात डोके घातले. दार भरून गेले. पीस फोटोतल्यासारखे स्थिर राहिले.

"नापास," अस्वल म्हणाले.

"साहेब," भागोजी हळूच म्हणाला, "आपण जरा बाजूला झालात तर हलेल ते."

"बाजूला झालो तर मला दिसेल कसं?"

"पण आपण दारात आहात म्हणून वारा अडतोय."

"म्हणजे हवेच्या खात्यामुळे हवा अडते, असं म्हणायचंय तुला?"

भागोजीला अगदी तेच म्हणायचे होते. पण तो संसारी होता.

जाळीत परतल्यावर सगुणा म्हणाली, "सगळ्यांना मिळतात दाखले. तुम्हालाच कसा मिळत नाही?"

"सगळे वटवाघळाला बोलावतात. ते पिसामागे अंधारात लटकतं आणि पंख हलवतं."

"मग तुम्ही बोलवा की! तुमचा खरेपणा काय पोरांच्या बारशाला वाटायचाय?"

भागोजी गेला. वटवाघळाने त्याला उलटे लटकूनच वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"तुझ्या घरी? अंधारात? एक पंख इकडचा तिकडे झाला तर माझी चाळणी होईल, बाबा."

फेरतपासणीला सगुणा कशीबशी आत जाऊन बसली. तिला कळा सुरू झाल्या होत्या. रानडुक्कर भोकावर ऐसपैस बसले. अस्वलाने डोके घातले. त्याची नजर मुळात अधू, त्यामुळे पीस नीट दिसेना. ते आणखी पुढे सरकले. मग खांदे आत घातले. आणि अडकले.

पुढे साहेब, मागे शिपाई, मध्ये सगुणा. आतली हवा सगुणालाच पुरेना, त्यात साहेबांचा श्वास मोठा. बाहेर अस्वलाचे मागचे पाय माती उडवू लागले. भागोजीने ते धरून ओढले. ते हलेनात. तो मागच्या भोकाकडे धावला.

"उठा, डुकरभाऊ, उठा!"

"साहेबांनी सांगितल्याशिवाय नाही."

"साहेब गुदमरतायत!"

"मग तसं बाहेर येऊन सांगू दे."

"अहो, माझी बायको आत आहे!"

"मला उठवायचा तिला अधिकारच नाही," रानडुक्कर समजुतीने म्हणाले.

आता साळिंदराची एक रीत असते, मुलांनो. तो हल्ला करतो तो पाठ फिरवून. त्यामुळे त्याला समोरच्याचे तोंड बघावे लागत नाही. भागोजीने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि जीव खाऊन मागे धावला.

रानडुकराने जी झेप घेतली ती थेट ओढ्यापलीकडे. भोक मोकळे झाले. उतारावरचा सगळा वारा भस्सकन आत घुसला. पीस थयथय नाचू लागले.

"पास!" आतून अस्वल ओरडले. "अरे, पास! पास!"

सुटकेच्या निःश्वासाने त्याचे अंग सैल पडले आणि ते दारातून बाहेर घसरले. त्याच वाऱ्यात सगुणा बाळंत झाली. पिल्लाने पहिला श्वास घेतला तो दाखला मिळालेल्या हवेत.

तुम्ही म्हणाल, आता तरी खाते सुधारले असेल. सुधारले. अस्वलाने महाराजांपुढे सारी हकीकत मांडली. महाराज गंभीर झाले. पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून रानडुकराला बसायला सागाच्या सालीची जाड गादी मंजूर झाली. भोकावर बसायचेच कशाला, असे कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी ससा भागोजीच्या दारात उभा राहिला.

"काका, एखादा काटा मिळेल का उसना? लांबडा बघून द्या. गादीतून जायला हवा."

तात्पर्य: घरात हवा खेळती राहावी म्हणून भिंतीला भोके पाडण्यात वेळ घालवू नये, भोकावर बसणाऱ्याला टोचायची सोय तेवढी करून ठेवावी. ज्यांच्या अंगावर काटे नाहीत, त्यांनी श्वास बेताने घ्यावा.