मोटारसायकलचा पोळा

बैल विकल्यावर पोळा करायचा नाही, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. हा मुद्दा आश्रुबांनी सकाळच्या चहालाच मांडला आणि घात तिथंच झाला.

"दावण मोकळी हाय तर असू द्या," ते म्हणाले. "सालभर कडबा कुणी वाहिला? खताची पोती कुणी आणली? मोटारसायकलनंच ना? मग औंदा पोळा तिचा."

सत्यशीला त्यांची सून. सासऱ्यांपुढं बोलायची सोय नव्हती, म्हणून तिनं पुरण वाटता वाटता नवऱ्याकडं, तानाजीकडं, डोळे मोठे करून पाहिलं. पण तानाजीला तर आनंदच झाला होता. ती गाडी त्याच्या लग्नाच्याही आधीची. (लग्नात सत्यशीलेच्या अंगाला जेवढी हळद लागली नसेल, तेवढं ऑईल त्यानं त्या गाडीला लावलं होतं.)

मग काय विचारता! गाडी धुतली. हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगांसारखा हिंगूळ लावला, हेडलाईटला बाशिंग बांधलं, सीटवर सर्ज्या बैलाची जुनी झूल टाकली. मारुतीच्या देवळाला झोकात पाच फेऱ्या झाल्या. गाव हसलं, पण हसता हसता चांगभलंही म्हणालं. शेवटी सासूबाईंनी, म्हणजे केसरबाईंनी, अंगणात पुढच्या चाकाला ओवाळलं आणि निवदाचं चार पुरणपोळ्यांचं ताट मांडलं.

"समदं झालं," आश्रुबा उसासा टाकून म्हणाले, "पण अंगावर एक घुंगरू न्हाई. घुंगराबिगर बैल म्हंजे काय बैल!"

एवढं बोलून सगळे जेवायला बसले. तीन वर्षांचा राम तेवढा 'मी बैलापाशी थांबतो' म्हणून अंगणात राहिला. सत्यशीलेनं जेवताना उठून उठून त्याच्याकडं अकरा वेळा पाहिलं. (बाराव्यांदा पाहायचं राहिलं, कारण सासऱ्यांना दूध वाढायचं होतं.) जेवणं झाली तेव्हा निवदाचं ताट चाटूनपुसून लख्ख.

"कुत्र्यानं खाल्लं आसंल," केसरबाई म्हणाल्या. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे सणानंतरचा सुटीचा दिवस. सत्यशीला रामला आंघोळ घालत होती. तिचं काळजी करणं अख्ख्या गावाला माहीत होतं. रामला शिंक आली की ताप हिला यायचा. रोज आंघोळीच्या वेळी ती त्याच्या हातापायांची बोटं मोजायची (वीसच भरायची, पण खात्री केलेली बरी), आणि मग करदोड्याची चांदीची दोन घुंगरं. त्या दिवशी बोटं वीस भरली. घुंगरू एकच भरलं.

"रामा, दुसरं घुंगरू कुठंय?"

"खाल्लं," राम म्हणाला.

"काय?"

"पोळीत घालून."

"आन् आता कुठंय?"

"पोटात!" राम हसला.

हातातला तांब्या मोरीत पडला. "अवो! अवो, ऐकलं का! लेकरानं घुंगरू गिळलं!"

तानाजी अर्धी दाढी करून धावत आला. आश्रुबा आले. केसरबाई आल्या. भिंतीवरून शेजारणी आल्या. ज्याला त्याला आपल्या पाहुण्यांतलं कुणी ना कुणी काही ना काही गिळलेलं आठवायला लागलं. एकीच्या भावानं बटण, एकीच्या नणंदेनं सुई. (सुईवाली नणंद चांगली साठ वर्षं जगली, पण हे सत्यशीलेला कुणी सांगितलंच नाही.)

"लेकराला नाचवून बघ," एक म्हातारी म्हणाली. "घुंगरू पोटात आसंल तर वाजंल."

सगळ्यांनी कान टवकारले. सत्यशीलेनं रामच्या ओल्या अंगावर सदरा चढवला आणि त्याला दोन्ही बगलांत धरून वर उडवलं.

छुन्न!

"वाजलं!" सत्यशीलेनं किंकाळी फोडली. "पोटातच हाय माय! वाजलं!"

केसरबाईंनी पुढं होऊन रामचा सदरा वर केला. कमरेला उरलेलं एक घुंगरू दिमाखात लटकत होतं.

"ते न्हाई, हे वाजलं, बये."

पण आता कुणाला थांबायचं होतं! बीडला न्यायचं, डॉक्टरकडून पोटाचा फोटो काढायचा, असं ठरलं. काळीपिवळी जीप करीच्या दिवशी येत नाही, कारण तिचा ड्रायव्हरही माणूस आहे आणि त्याच्याही घरी पुरणपोळ्या होतात. तानाजी छाती काढून म्हणाला, "दारात गाडी आसताना कुणाच्या तोंडाकडं बघायचं? अर्ध्या तासात बीड."

त्यानं झूल काढली, रामला टाकीवर बसवलं, सत्यशीला मागं बसली, आणि त्यानं किक मारली.

गाडीनं एक उसासा टाकला. दुसऱ्या किकला 'गुर्र' केलं आणि गप्प. तिसऱ्याला नुसता उसासा. दहाव्या किकला तानाजीनंच उसासा टाकला.

"काल तर पाच फेऱ्या मारल्या!"

"पेट्रोल बघा की," सत्यशीला म्हणाली.

टाकी हलवली. पेट्रोल खळखळलं. (सत्यशीलेनं त्याच हातानं रामचं पोटही हलवून पाहिलं.) चोक ओढला. चोक सोडला. प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, इंजिनाला टेकवून किक मारली, तर ठिणगी कशी निळीशार पडली.

एवढ्यात बजरंग आला. हा शेजारचा. उसाच्या हंगामात कडा गावाकडं सहा महिने ट्रॅक्टर चालवून आलेला, त्यामुळं गल्लीतलं कुठलंही इंजिन बंद पडलं की पहिला मान आपला, असं समजणारा.

"प्लग न्हाई बे, कारबुरेटर. कचरा गुंतलाय."

"तुला काय म्हाईत?"

"तुला म्हाईत आसतं तर चालू झाली आसती ना बे?"

तानाजीनं पाना बजरंगच्या हातात दिला. कारबुरेटर उघडला, पेट्रोलनं धुतला, फुंकला, परत बसवला. एक स्क्रू उरला. "आसतोय एखादा जास्तीचा," म्हणून बजरंगनं तो खिशात टाकला. इकडं ओट्यावर केसरबाई नातवाला केळी चारत होत्या. केळ्यासंगं घुंगरू घसरत येतं, असं त्यांचं म्हणणं. राम पाचव्या केळ्यावर होता आणि त्याच्या आयुष्यात इतका चांगला दिवस आला नव्हता.

"दुखतंय का रं सोन्या?" सत्यशीला दर मिनिटाला येऊन विचारायची.

"न्हाई. अजून एक दे."

"बघा, शुद्ध हरपायला लागलीय लेकराची!" ती म्हणायची आणि परत गाडीकडं पळायची.

"आता धक्का," बजरंगनं फर्मावलं.

मारुतीच्या देवळापासून उतार होता. तानाजी सीटवर, मागून बजरंग, आश्रुबा, आणि पदर खोचून सत्यशीला. हो, तीसुद्धा! सासऱ्याच्या खांद्याला खांदा लावून! (एरवी ती त्यांच्यापुढून जाताना भिंतीला चिकटून जायची.) "धर, मार, सोड!" असा गोंगाट करत गाडी उताराखाली गेली. मध्ये एकदा तिनं जीव धरला, 'फट्' केलं, आणि परत सोडला. मग सगळ्यांनी ती उतारावरून वर ढकलत आणली. असं तीनदा.

सत्यशीलेला धाप लागली. घुंगरू आतापर्यंत कुठवर उतरलं असेल, याचा नकाशा तिच्या डोळ्यांपुढं नाचत होता. लेकरासाठी ती सकाळपासून मारुतीला नारळ, देवीला खण आणि खंडोबाला भंडारा बोलून बसली होती. गाडीसाठी मात्र कुणालाच काही बोललं नव्हतं. ती नगद नारायणाच्या गडाच्या दिशेनं वळली आणि दोन्ही हात जोडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली:

"नगद नारायणा! ही गाडी तेवढी चालू होऊ दे! नारायणगडाला अनवाणी पायी चालत येईन!"

केसरबाईंनी ओट्यावरून मान हलवून नवसाची नोंद घेतली.

हात सोडून सत्यशीलेनं खाली पाहिलं, आणि तिच्या काळजीखोर डोळ्यांना एक गोष्ट दिसली. मुंग्या. तांबड्या मुंग्या. रामला चावतील म्हणून ती घरात मुंगी दिसली की घर डोक्यावर घेणारी बाई. या मुंग्या ओळीनं, शिस्तीत, गाडीच्या मागच्या चाकावरून चढून सायलेन्सरच्या भोकात चालल्या होत्या.

"अवो," ती म्हणाली, "सायलेन्सरात मुंग्या कावून चालल्यात?"

"जाऊ दे गं मुंग्या! हितं गाडी..."

"तेल खायला मुंग्या येत्यात का? गोड आसल्याबिगर मुंगी जाती का?"

बजरंग थबकला. त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर तळहात ठेवला. "तान्या, मार किक." तानाजीनं मारली. "आयला! वारं येईनाच की बे! हिचा तर श्वास कोंडलाय!"

आश्रुबांनी कुंपणाची तार आणली. तार आत घालून ओढली, तर तिच्या टोकाला पिवळा, वाळका, ओळखीचा तुकडा निघाला. केसरबाईंनी तो हातात घेऊन हुंगला.

"ही माझी पोळी हाय," त्या म्हणाल्या. स्वतःची पोळी कुठली बाई ओळखणार नाही?

"थांबा, थांबा, अजून हाय आत," म्हणत सत्यशीला सायलेन्सरपुढं उकिडवी बसली आणि एक डोळा मिटून भोकात बघायला लागली. नेमकं तेव्हाच तानाजीला राहवलं नाही. त्यानं सगळा जीव पायात आणून किक मारली.

धडाम्!

उरलेल्या पोळ्यांचं पुरण, वर काजळीची फोडणी, असं सगळं सत्यशीलेच्या तोंडावर बसलं. आणि त्याच्या मागून काहीतरी टणक येऊन तिच्या कपाळावर, कुंकवाच्या बरोबर मधोमध, टण्‌कन आपटलं आणि मातीत पडलं.

छुन्न!

गाडी भडभडत होती. आश्रुबा नाचत होते. सत्यशीलेनं मातीतून घुंगरू उचललं आणि पुरणातूनच रामकडं पाहिलं.

"रामा, हे कुणी खाल्लं व्हतं?"

"बैलानं!" सहावं केळं सोलत राम म्हणाला. "आजोबा म्हणले, घुंगरू न्हाई. मग मी पोळीत घालून दिलं."

पुढून या बैलाला तोंड नव्हतं, मागून सायलेन्सरचं उघडं दिसलं; लेकरानं तिथं चारलं. कुणाच्या पोटात, हे सकाळपासून एकानंही विचारलं नव्हतं. सत्यशीलेनं त्याला उचलून इतकं कवटाळलं की तोही निम्मा पुरणानं माखला. मग ती रडली, मग हसली, मग परत बोटं मोजली.

"चला, बीडची चक्कर वाचली," तानाजी म्हणाला.

"गडाची न्हाई वाचली," ओट्यावरून केसरबाई म्हणाल्या.

सत्यशीला चपापली. "आत्याबाई, पण गाडी तर मीच दुरुस्त केली की! मुंग्या मलाच दिसल्या!"

"दिसल्या तुला. धाडल्या कुणी?"

सत्यशीलेनं तोंडावरचं पुरण पुसलं आणि चपला कोनाड्यात ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सत्यशीला अनवाणी नारायणगडाला निघाली. शेजारून पहिल्या गिअरमध्ये तानाजी, टाकीवर राम, हँडलला बांधलेलं घुंगरू छुन्नछुन्न वाजतंय, आणि गाडी अशी सुरेल चाललेली की नव्या नवरीलाही तिचा हेवा वाटावा. एक कोस झाला, दोन झाले. सत्यशीलेच्या पायात तिसरा काटा मोडला, तेवढ्यात समोरून एक ट्रॅक्टरवाला आला आणि कळवळून थांबला.

"काय वहिनी, गाडी बंद पडली जणू?"

सत्यशीलेनं एका पायावर उभं राहून काटा उपटला.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "चालू झाली, म्हणून तर पायी चाललेय!"