कानबाईचा रोट आणि अश्विनभाईंचा घास

यंदा सीनियर मीच होणार, हे मी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सुरतेत रिंग रोडवर आमचं सीएचं ऑफिस. तिथे आम्ही तिघं ज्युनियर आणि सीनियरची जागा एकच! मी सीनियर झाले की आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधलं बॉयलरचं काम सोडायचं, असं ठरलं होतं. खोकून खोकून त्यांची छाती भात्यासारखी वाजते. बढती माझी होती, पण माझा जीव टांगणीला लागला होता तो त्यांच्यासाठी.

आमचे अश्विनभाई सर बढतीची मुलाखत केबिनमध्ये घेत नाहीत. जेवणाच्या टेबलावर घेतात, तीही समोरच्याच्या डब्यातलं खात खात! म्हणून मी तयारीनिशी गेले. वरच्या डब्यात सरांसाठी झणझणीत शेवभाजी, खालच्या डब्यात माझ्यापुरता कानबाईचा रोट. श्रावणातल्या आमच्या खानदेशी कानबाईचा हा प्रसाद फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा तो मिळत नाही, आणि उरवायचाही नसतो. म्हणून आईने तो माझ्या डब्यात घातला होता, कोणालाही द्यायचा नाही असं बजावून.

सरांनी शेवभाजीवरचा लाल तवंग पाहिला, डबा हळूच बाजूला सारला आणि खालचा उघडला. जीएसटीबद्दल विचारता विचारता त्यांनी रोटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण माझ्या तोंडून निघूनच गेलं, "सर, खाऊ नका!"

घास गालात धरून सर थांबले. "केम, बगडी गयुं छे?"

"बिघडलं नाही सर. पण तुम्ही आमच्या घरचे नाही ना."

शेजारी बसलेल्या किरणला, आमच्या तिघांतल्याच एका ज्युनियरला, ठसका लागला. सरांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि मुलाखत संपली म्हणून उठून गेले. झालं! आबांचं बॉयलर काही सुटत नाही, असं वाटून मी जिन्यात जाऊन रडत रडत आईला फोन लावला.

आईला बढतीचं काही पडलेलंच नव्हतं. "खाई लिधं ना त्यानी? मंग आते तो आपला भाऊबंद शे. संध्याकाळे घर लई ये त्याले."

हा निरोप मी सरांना कसा दिला, ते माझं मला माहीत. पण संध्याकाळी त्यांची गाडी खरोखरच गोडादऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडली. आईने त्यांना आबांच्या पंगतीला बसवलं आणि घरात संपवायचा राहिलेला अख्खा रोट ताटात वाढला. सर जेवले. मग आईकडे वळून म्हणाले, "भाभी, साहेबाच्या तोंडात घास असताना त्याला थांबवणारं माणूस हिशेब तपासायला मिळत नाही. उद्यापासून धनश्री सीनियर."

आबांनी उठून सरांच्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलं. मग मिलमध्ये उद्याच सांगून टाकतो म्हणाले, आणि मला पुन्हा रडू आलं.

तर मी आता सीनियर आहे. ऑफिसात माझा मान वाढला आहे आणि उशीर झाला तरी सर मला एक शब्द बोलत नाहीत. घरचे झालेत ना, थेट आईला फोन लावतात!