माझा निळा टब आणि तलावाचा श्वास

आमच्या आंधळगावात दर रविवारी सकाळी ठवकर गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे राहून तलावाचा श्वास मोजतात. माझ्या कपडे धुवायच्या टबाने.

निवृत्त विज्ञान शिक्षक, माझ्या शेजारी एकटेच राहतात. टब नेला तो "दोन दिवसांसाठी". मग त्याला भोक पाडून काच बसवली, आत वायू मोजायचे यंत्र टांगले, काठाला स्कूटरची ट्यूब बांधली आणि पाण्यावर पालथा तरंगत सोडला. म्हणे, पावसाळ्यात पालापाचोळा कुजला की तलाव कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, हिवाळ्यात शेवाळ माजले की तोच परत ओढतो.

"गुरुजी, तलावाले ताप आहे का?" दूर डोंग्यातून मासे धरणारे ओरडतात.

"ताप तुले आहे! तलाव मस्त श्वास घेऊन राहिला."

मीही दर रविवारी काठावर जाऊन खडसवायची, "गुरुजी, माझा टब कधी देता?"

"वर्ष पुरं होऊ द्या वो, शीलाबाई. एक रविवार चुकला का वर्ष वाया!"

वर्ष संपत आले आणि गुरुजी तापाने आडवे झाले. रविवारी पेज घेऊन गेले, तर हे भिंत धरून चपला शोधत होते.

"झोपा. मी जाते."

"टब पालथा करताना श्वास रोखजा, बाई. नाही तं तुमचा श्वास तलावाच्या नावावर लागन!"

टब आणि गुरुजींची नोंदींची वही घेऊन मी तलावावर गेले, साडी खोचून पाण्यात उतरले. गाल फुगवून टब पालथा केला. डोंग्यातून आवाज आला, "काहून वो बाई, गुरुजीची हवा लागली का?" तोंड उघडायची सोय नव्हती. नुसता हात उगारला.

दहा मिनिटांनी काचेतून आकडा पाहिला, वही उघडली. तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा. त्यापुढे आणखी एक रकाना: 'भेटायला कोण आले'.

पानामागून पान त्यात एकच नोंद होती. 'शेजारच्या शीलाबाई.'

मी तर भांडायला जात होते.

आकडा नीट लिहिला, वही मिटली. घरी येताना दुकानातून नवा टब घेतला, हिरवा. गुरुजींना त्याचे सांगितले नाही.

आता त्यांच्या मोजणीचे दुसरे वर्ष सुरू आहे. रविवारी हातातली कामे टाकून मी काठावर जाते आणि कमरेवर हात ठेवून ओरडते, "गुरुजी, माझा टब कधी देता?"

"वर्ष पुरं होऊ द्या वो, शीलाबाई," गुरुजी म्हणतात, आणि वहीत काहीतरी लिहितात.